स्वस्त यंत्र आणि हौशी सुतार

चेन्नईच्या तांबरम उपनगरातील वायुदल वसाहतीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारले आहे की, वर्षाकाठी दोन-चार वेळाच ज्याच्या हाती फळी येते, कधी भिंतीवर मांडणी बसवायची, कधी मुलांच्या पुस्तकांसाठी लहानसे कपाट करायचे, कधी बदलीचा हुकूम आला की सामानासाठी खोकी ठोकायची, एवढेच ज्याचे सुतारकाम, अशा माणसाने दीड-दोन हजारांत मिळणारे विजेचे हत्यार घ्यावे, की दुप्पट दाम मोजून नामांकित कारखान्याचे घ्यावे, की या भानगडीतच न पडता इकडच्या आसाऱ्याला, म्हणजे सुताराला, निरोप धाडावा. प्रश्न वरकरणी किरकोळ दिसतो. परंतु नोकरदार माणसाचा पैसा आणि त्याच्या हाताची दहा बोटे असे दोन्ही ऐवज त्यात गुंतलेले असल्यामुळे आजचा स्तंभ मी या एकाच प्रश्नाला देत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या कामात यंत्राकडून आपल्याला केवळ बळ हवे असते, तेथे स्वस्त यंत्र निःशंकपणे घ्यावे. परंतु ज्या कामात आपले शरीर यंत्राच्या भरवशावर सोडावे लागते, तेथे स्वस्त यंत्राला घराचा उंबरठाही ओलांडू देऊ नये, मग ते वर्षातून एकदाच वापरायचे का असेना. ‘क्वचितच तर लागते’ हा युक्तिवाद यंत्राच्या झिजेला लागू पडतो, अपघाताला लागू पडत नाही. किंबहुना ज्याचा हात क्वचितच यंत्रावर पडतो, त्याच्याच बाबतीत अपघाताची भीती अधिक असते, कारण रोज काम करणाऱ्या कारागिराला यंत्राच्या आवाजातला जो बदल तत्क्षणी कळतो, तो हौशी माणसाच्या कानाला कळत नाही.

स्वस्त यंत्र म्हणजे फसवणूकच, असा समज बाळगण्याचे मात्र कारण नाही. विजेवर चालणारे हाती धरण्याजोगे पहिले ड्रिल जर्मनीत स्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली निघाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका ही आजची ओळखीची घडण अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर यांनी १९१७ साली पेटंट करून घेतली. आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे ही सारी अवजारे कारखान्यांचीच मिरास होऊन राहिली होती, ती १९४६ साली त्याच मंडळींनी घरगुती वापरासाठी वेगळे, हलके व स्वस्त ड्रिल काढले तेव्हा सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आली. दिवसाचे आठ तास चालणारे यंत्र आणि महिन्यातून दहा मिनिटे चालणारे यंत्र एकाच मापाने घडवण्याची गरज नाही, हे त्यामागचे तत्त्व होते आणि ते सर्वस्वी सयुक्तिक आहे. आपल्याकडे मुलुंडच्या रॅलीवुल्फने किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सने जी यंत्रे घडवली, ती मुख्यतः वर्कशॉपसाठी होती. जड, दणकट, आणि कार्बन ब्रश बदलत वर्षानुवर्षे चालवायची. ज्याला वर्षाला वीस भोके पाडायची आहेत, त्याने तसलेच यंत्र घ्यावे असा आग्रह धरणे हा त्याच्या खिशावर अन्याय होईल.

किंमत उतरवताना कारखानदाराने कोठे हात आखडता घेतला, हे मात्र पाहिले पाहिजे. बॉल बेअरिंगच्या जागी साधा बुश येतो. आर्मेचरच्या गुंडाळीत तांब्याऐवजी कधी अ‍ॅल्युमिनियमची तार येते. दंतचक्रे हलक्या धातूची येतात. आणि वेष्टनावर वॉटचा जो मोठा आकडा छापलेला असतो, तो यंत्र विजेच्या तारेतून किती ओढते याचा असतो, लाकडापर्यंत किती पोहोचवते याचा नव्हे. ड्रिलच्या बाबतीत यांपैकी बहुतेक उणिवा हौशी माणसाला सोसवतात. दुकानात ते घेताना एक परीक्षा अवश्य करावी: चकमध्ये बारीक, सरळ, नवा बिट घट्ट बसवून यंत्र हळू चालवावे आणि बिटाच्या टोकाकडे डोळे लावून पाहावे. टोक एकाच बिंदूवर स्थिर राहिले तर यंत्र घेण्याजोगे. त्या टोकाचे लहानसे कडे झालेले दिसले तर चक किंवा आस वाकडा आहे, आणि त्या यंत्राने पाडलेले प्रत्येक भोक स्क्रूपेक्षा सैल होणार. यंत्राच्या अंगावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण आहे की नाही, हेही तपासावे. ती दुहेरी विद्युतरोधनाची निशाणी असते, आणि ती नसून वायरही दोनच पिनांची असेल तर किंमत कितीही मोहक असली तरी यंत्र परत ठेवावे. शेवटी एवढेच विचारावे की, त्याचे कार्बन ब्रश गावात मिळतात का. ओरगडमला, म्हणजे तांबरमहून फार दूर नव्हे, बॉशचा हत्यारांचा कारखानाच आहे, आणि तशा प्रचलित यंत्रांचे सुटे भाग जी. एस. टी. रोडवरच्या दुकानातही सापडतात. निनावी यंत्राचे आर्मेचर जळाले तर ते पुन्हा गुंडाळून घेण्याची मजुरी नव्या यंत्राच्या किमतीला जाऊन भिडते.

जिगसॉची गोष्ट थोडी निराळी. स्वित्झर्लंडमधील आल्बर्ट काउफमान या अभियंत्याने १९४६ साली शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवून पाहिले, त्यातून हे यंत्र जन्माला आले, आणि आजही त्याची सारी किमया त्या वरखाली होणाऱ्या बारीक पात्याला मागून आधार देणाऱ्या एका छोट्या चाकात आहे. स्वस्त यंत्रात ते चाक सैल असते. तुम्ही प्लायवर आखलेल्या रेघेवरून यंत्र अगदी इमानाने चालवता, वरून कापही रेघेवर दिसतो, पण फळी उलटी करून पाहिली की खालच्या अंगाला तोच काप दोन-तीन मिलिमीटर भरकटलेला असतो. आणि मग दोन फळ्या काटकोनात जोडू गेल्यास गुण्या लावून कितीही खटपट केली तरी सांध्यात फट राहते. येथे इजा होण्याचा संभव कमी, म्हणून मी सर्वस्वी मनाई करणार नाही. वळणदार काप हवा असेल, खेळणी किंवा मखर करायचे असेल, तर स्वस्त जिगसॉ घ्यावा, फक्त सोबत आलेली पाती बाजूला ठेवून चांगल्या पोलादाची पाती वेगळी विकत घ्यावी. सरळ कापासाठी मात्र बारीक दातांची हातकरवत त्याहून सरस काम देते, हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी हाती घेतली, तिच्याकडे येतो. या शहरात, आणि पुण्या-मुंबईतही, कोणत्याही नव्या सदनिकेत फर्निचरचे काम चालू असेल तेथे डोकावून पाहा: प्लाय कापण्यासाठी हाती असते ते फरशी कापायचे यंत्र, ज्याला सगळे मार्बल कटर म्हणतात. दगडासाठी घडवलेले ११० मिलिमीटर चकतीचे, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारे हे यंत्र. त्यावर दातेरी पाते चढवलेले, आणि पात्यावरचे संरक्षक झाकण अडचण होते म्हणून बहुधा काढून टाकलेले. काही ठिकाणी तर तेच यंत्र फळीला खालून उलटे आवळून, फळीतल्या खाचेतून पाते वर काढून त्याचे मेज-करवत केलेले असते. रोजंदारीच्या रेट्यात कारागीर हे करतो, त्याला ठेकेदार योग्य यंत्र देत नाही, आणि त्या तगाद्यात त्याची बोटे जातात. याबद्दल मला अत्यंत विषाद वाटतो. परंतु हौशी गृहस्थावर तर कोणाचाच तगादा नसतो. त्याने केवळ हजार-दीड हजार वाचावेत म्हणून हाच कित्ता गिरवावा, किंवा चार इंची ग्राइंडरवर लाकडाचे पाते लावावे, याला काहीही समर्थन नाही.

धोका नेमका कशात आहे, हे समजून घेतले पाहिजे. दगडावर चालणारी चकती घासून कापते; दातेरी पाते लाकडात चावा घेऊन कापते. कापलेली फट पुढे सरकता सरकता फळीच्या वजनाने मिटू लागली की पाते तिच्यात आवळले जाते, आणि मोटरचे सारे बळ, ज्याला लाकडात जायला वाट उरत नाही, ते यंत्रालाच उलट फेकते, बहुधा धरणाऱ्याच्या मांडीकडे किंवा छातीकडे. लाकडासाठीच घडवलेल्या गोल करवतीत याचा विचार केलेला असतो: तिचा वेग मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास असतो, खालचे झाकण स्प्रिंगने आपोआप मिटते, बैठक रुंद असते, आणि बोट सुटताच वीज तुटते. ग्राइंडरचा सरकता खटका तर यंत्र हातून निसटले तरी चालूच राहतो. म्हणूनच ग्राइंडरच्या माहितीपत्रकात दातेरी पाते लावू नये अशी स्पष्ट ताकीद छापलेली असते. हौशी माणसाला गोल करवत खरोखर हवीच असेल, तर तिच्यात काटकसर करू नये; आणि दुकानात तिचे खालचे झाकण हाताने उघडून सोडावे. ते अडखळत मिटत असेल तर ती करवत घेऊच नये.

तांबरमच्या गृहस्थाला आणखी एक बाब ध्यानी घ्यावी लागते, ती येथील हवेची. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वारे वाहू लागले की घरोघरची दारे फुगतात, चौकटीत अडकतात, आणि आपल्याला वाटते, आता विजेचा रंधा आणला पाहिजे. तो मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेऱ्यांनी फिरतो. अननुभवी हातात त्याने दाराच्या कडेला एकदा खड्डा पाडला की तो भरून निघत नाही. शिवाय नोव्हेंबरात भरपूर तासलेले दार एप्रिलमध्ये आकसते आणि कडेने बोटभर उजेड दिसू लागतो. तेव्हा पावसाळ्यात हाताच्या रंध्याने जेथे घासते तेवढ्याच जागी दोन-तीन पापुद्रे काढावेत, आणि उरलेले काम उन्हाळ्यावर सोपवून कडेला रंग किंवा पॉलिश अवश्य चढवावे, कारण दमट हवा उघड्या लाकडातूनच आत शिरते. डिसेंबर २०१५ च्या पुरात मुडिचूर, वरदराजपुरम भागात ज्यांच्या घरांत पाणी शिरले, त्यांनी भुशाच्या बोर्डाची कपाटे तळाशी कशी फुगून आली ते पाहिले आहे. अशा फुगलेल्या बोर्डावर कोणताही रंधा, महाग वा स्वस्त, चालवून उपयोग नसतो, तेवढी पट्टी कापून नवी बसवणे हाच इलाज. हाताचा चांगला रंधा हवा असल्यास शुक्रवारी पल्लावरमच्या जुन्या ट्रंक रोडवर भरणाऱ्या बाजारात जाऊन शोधावा. तेथे जुन्या सामानात लाकडी अंगाचे, दक्षिणी धाटणीचे रंधे निघतात. घेताना पाते काढून पाहावे, वरचा गंज घासून जातो, पण धारेच्या टोकाशी गंजाचे खड्डे असतील तर त्याला नीट धार लागत नाही.

राहिला मोठ्या फळ्या कापण्याचा प्रश्न. तो सोडवण्यासाठी घरात यंत्र आणण्याची आवश्यकताच नाही. प्लायच्या पुष्कळ दुकानांत मोठ्या पट्टीच्या यंत्रावर, मापे लिहून दिल्यास, आठ फूट बाय चार फुटांची फळी हव्या त्या तुकड्यांत सरळ कापून मिळते. मजुरी अल्प, काप काटकोनी, आणि उरलेला भुसा आपल्या फुफ्फुसांत न जाता त्यांच्याच दुकानात राहतो. मापे लिहिताना पात्याची जाडी, म्हणजे प्रत्येक कापामागे तीनेक मिलिमीटर, हिशेबात धरावी, नाहीतर शेवटचा तुकडा आखूड भरतो.

पत्रलेखक वसाहतीत राहतात, हे माझ्या उत्तराला फार सोयीचे आहे. दर काही वर्षांनी बदली होणाऱ्या चार-पाच कुटुंबांनी प्रत्येकी एकेक स्वस्त यंत्र घेऊन ते ट्रंकेत गंजत ठेवण्यापेक्षा, सर्वांनी वर्गणी करून एक उत्तम गोल करवत, दोन क्लॅम्प, डोळ्यांचा चष्मा आणि धुळीचा मुखवटा घ्यावा; एका घरी ती ठेवावी आणि शेजारी एक वही टांगावी, जिच्यात नेणाऱ्याने तारीख, पात्याची अवस्था आणि झाकण नीट मिटते की नाही हे लिहावे. ज्याची बदली होईल त्याचा हिस्सा येणाऱ्याने उचलावा. आपापल्या घरी मात्र प्रत्येकाने स्वतःचे दीड-दोन हजारांचे ड्रिल, एक हातकरवत, एक रंधा, एक पटाशी आणि पटाशीला धार लावायचा दगड ठेवावा. आणि ड्रिलवर वाचलेल्या पैशातून पहिला खर्च त्या दगडावर करावा.