गाभ्याची नाडी

यंदा मे महिन्यात भाचा पुण्याहून गुहागरला आला तो तोंड उतरवूनच. बरोबर लॅपटॉप आणि तळहाताएवढी एक हिरवी पाटी. पाटी म्हणजेही संगणकच. तो चालता चालता थिजे; का, ते अकरा दिवस कळत नव्हते. सोमवारपर्यंत दोष सापडला नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होते.

"त्यालाच विचार की," मी म्हणालो. मास्तरकीची सवय!

"मामा, बेशुद्ध माणसाला काय विचारणार?"

मग त्याने समजावले. संगणकाचा पडदा, कळा, स्मृती, सारे चालते ते गाभ्याच्या हुकमावर. साधा प्रोग्रॅम अडखळला तर गाभा शाबूत असतो, तपासणी होते. गाभाच थांबला की तपासणाराही थांबतो. बरे, जागोजाग निरोप छापून पाहावेत, तर तेवढ्याने चाल बदलते आणि दोष दडतो. मुख्याध्यापक आले की वर्ग गप्प होतो, तसाच प्रकार!

म्हणून दुसरे यंत्र. मध्ये तीन तारा: याचे तोंड त्याच्या कानाला, त्याचे याच्या, तिसरी दोघांची सामाईक. थांबलेल्या गाभ्यातला एक लहानसा भाग जागा राहून उत्तरे देतो. लिनक्समध्ये याला केजीडीबी म्हणतात. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांना असले साधन गाभ्यात नको होते. माणसाने आधी नीट विचार करावा, हे त्यांचे मत. (मला ते पटते, पण भाच्यापुढे बोललो नाही.) त्यामुळे केजीडीबी बरीच वर्षे बाहेरच राहिले. त्या काळात ते सांभाळणाऱ्यांत पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे अमित काळे होते. 2008 साली त्याला मूळ लिनक्समध्ये जागा मिळाली.

रात्री दीडला पाटी थिजली. तारेतून आले ते नुसते आकडे. मूळ संहिता आणि नावांचा कोश लॅपटॉपजवळ. त्याने आकड्यांची नावे केली. कोणी कोणाला हाक मारली, ती सारी साखळी पडद्यावर उतरली. भाचा ती खालून वर वाचत गेला आणि एकदम थांबला.

"मामा, भाडेकरू घर सोडून गेलाय, आणि दूधवाला अजून कडी वाजवतोय!"

एक जोडउपकरण काढल्यावर त्याची स्मृतीतली जागा परत दिली होती. त्याचा गजर मात्र बंद करायचा राहिला होता. दुरुस्ती चार ओळींची निघाली. पाटी पुन्हा सुरू करून तो उपकरण काढीत-लावीत बसला, पहाटेपर्यंत.

"काय रे, बोलली का तुझी पाटी?" सकाळी सौ.ने विचारले.

"बोलली, मामी," म्हणत त्याने तिसरी आंबोळी घेतली.