निवतीचे खडक आणि घाटाची घाई

परभणीच्या झरीहून कोकणात गेलेले कुटुंब तारकर्लीच्या रिसॉर्टमध्ये उतरते, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबाची एक बुडी मारते आणि रात्रीच परत निघते. दक्षिणेला निवतीच्या समुद्रातले खडक मात्र दुर्लक्षितच राहतात. अशा खडकांच्या कपारीत मासे आसरा घेतात. पर्यटक तिकडेही वळले तर १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेल्या मालवणच्या प्रवाळांवरचा भार हलका होईल.

मात्र किनाऱ्यापासून जितके दूर, तितकी मदत उशिरा पोहोचते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे घेतलेला श्वास रोखून वर आल्यास हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा होते. दमा किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. सर्दी असल्यास बुडी टाळावी. उंचावर हवेचा दाब घटतो, म्हणून एका बुडीनंतरही किमान १२ तास विमानप्रवास नको. खोल बुडीनंतर लगेच आंबोली घाट चढणेही टाळावे.

नवी ठिकाणे जरूर खुली करावीत. पण आरोग्याची विचारपूस आणि बोटीवर ऑक्सिजन या दोन गोष्टी सक्तीच्या करूनच. एक मुक्काम वाढला तर बिघडत नाही.