सार्वमतानंतरचे स्कॉटलंड

१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडच्या जनतेसमोर एकच प्रश्न ठेवण्यात आला होता : स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा काय? २०,०१,९२६ मतदारांनी ‘नाही’ असे उत्तर दिले आणि १६,१७,९८९ मतदारांनी ‘होय’ असे. मतदान ८४.६ टक्के झाले. ब्रिटनमध्ये सर्व प्रौढांना मताधिकार मिळाल्यापासून कोणत्याही निवडणुकीत एवढे मतदान झालेले नव्हते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही या वेळी मत देता आले. १७०७ साली जुळलेले दोन देशांचे नाते तोडावे की ठेवावे, हा प्रश्न बंदुकीशिवाय आणि अटकसत्राशिवाय केवळ मतपेटीतून सोडवण्यात आला, ही गोष्ट लहान नव्हे. निकालानंतरच्या संध्याकाळी ग्लासगोच्या जॉर्ज चौकात काही हुल्लडबाजी झाली. परंतु त्यावरून त्या देशाचे चित्र रंगवणे अन्यायाचे होईल.

तथापि समाजवादी कार्यकर्त्याने या घटनेकडे केवळ लोकशाहीच्या कौतुकाच्या दृष्टीने पाहून भागणार नाही. तिथे मतदानाने निर्णय झाला, पण वाद मिटला नाही. तो घराघरांत, कारखान्यांत, युनियनच्या शाखांत शिरला आणि पुढे दहा वर्षे तेथील राजकारणाची विभागणी त्यानेच केली. हा वाद प्रामुख्याने कष्टकऱ्यांचा आपापसातला होता. म्हणूनच तो आपण नीट समजावून घेतला पाहिजे.

प्रथम हे लक्षात घेऊ की दोन्ही बाजूंच्या सामान्य माणसांचे म्हणणे पोटापाण्यातून आलेले होते. झेंड्याचे प्रेम दोन्हीकडे होते, नाही असे नाही. परंतु स्वयंपाकघरातला वाद झेंड्यावर फार वेळ चालत नाही. क्लाइड नदीकाठच्या गोव्हन आणि स्कॉट्सटन येथील जहाजबांधणी कामगाराचे उदाहरण घ्या. ब्रिटिश आरमार आपल्या युद्धनौका परदेशात बांधून घेत नाही, स्कॉटलंड परदेश झाला तर काम जाईल, असे त्याला सांगण्यात येत होते. जीएमबी या त्याच्या युनियनने याच कारणास्तव ‘नाही’चा प्रचार केला. हा कामगार लंडनच्या सरकारचा भक्त होता काय? मुळीच नाही. त्याला सोमवारी सकाळी कामावर जायचे होते. त्याच शहरातील गृहनिर्माण संस्थेच्या भाड्याच्या घरात राहणारी एखादी बाई घ्या. २०१३ साली हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने घरातील ‘जादा’ खोलीपोटी तिच्या भाड्याच्या मदतीत कपात केली. आपण या सरकारला निवडलेले नाही, पुढेही निवडणार नाही, मग त्याची कुऱ्हाड आपल्या मानेवर का, असे ती विचारत होती. तिनेही कोणाचा द्वेष केला नाही. तिला आपले घर टिकवायचे होते.

म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतनाची धास्ती होती आणि ६५ वर्षांवरील मतदारांत नकाराचे प्रमाण मोठे राहिले. त्यांना भित्रे ठरवणे सोपे आहे. पण ज्याची मिळकत ठरीव आहे, त्याने उद्याचे चलन कोणते असेल असे विचारले तर तो प्रश्न अर्थशास्त्राच्या कोणत्याही शिक्षकाला रास्तच वाटेल. आणि या प्रश्नाला धड उत्तर नव्हते. पौंड सामाईक ठेवू, असे राष्ट्रीय पक्षाचे सरकार म्हणे. लंडनच्या अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याला साफ नकार दिला. दुसऱ्याच्या मध्यवर्ती बँकेवर विसंबून सार्वभौम अर्थसंकल्प कसा मांडणार, याचा खुलासा शेवटपर्यंत झाला नाही. तेलाचे तसेच. एडिंबरोच्या सरकारने नोव्हेंबर २०१३ च्या श्वेतपत्रिकेत पिंपामागे ११० डॉलर भाव गृहीत धरला होता. जानेवारी २०१५ मध्ये तो ५० डॉलरच्या खाली आला. मतदानानंतर जेमतेम चार महिने झाले होते. ‘होय’ म्हणणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही. पण एका जिनसेच्या भावावर नव्या राज्याचा कल्याणकारी डोलारा उभा करू पाहणे हे समाजवादी नियोजन नव्हे, जुगार आहे.

याचा अर्थ ‘नाही’चा पक्ष अर्थशास्त्रात खरा होता असा कोणी घेऊ नये. ज्या युद्धनौकांचे आमिष दाखवून कामगारांची मते मागितली, त्या १३ बांधावयाच्या होत्या. २०१५ च्या संरक्षणविषयक फेरआढाव्यात त्या ८ करण्यात आल्या. बाकीच्यांऐवजी हलक्या नौकांचे आश्वासन मिळाले आणि ते काम पुढे पूर्व किनाऱ्यावरील रोसाइथला गेले. काम स्कॉटलंडमध्येच राहिले हे खरे, परंतु ज्या माणसाने क्लाइडवरील कामासाठी मत दिले त्याच्या हाती काय आले ते उघड आहे.

आता मतांचा नकाशा पाहा. ३२ स्थानिक विभागांपैकी फक्त चारांत ‘होय’ला बहुमत मिळाले : ग्लासगो, डंडी, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनार्कशायर. ही चारही नावे जुन्या कारखानदारीची आणि जुन्या दारिद्र्याची आहेत. जहाजे, ताग, पोलाद! नॉर्थ लॅनार्कशायरमधील रेव्हन्सक्रेगचा प्रचंड पोलाद कारखाना १९९२ साली बंद पडला. आणि याच चार ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाचे मत तोलूनमापून पडत असे. नकाशात आणखी एक गोष्ट आहे. ग्लासगोत ७५ टक्केच मतदान झाले, ते सर्वांत कमी. शेजारच्या सुखवस्तू ईस्ट डनबार्टनशायरमध्ये ९१ टक्के. ज्यांना बदल सर्वाधिक हवा होता, त्यांच्यातलेच सर्वाधिक लोक घरी राहिले.

घरी का राहिले, याला एक इतिहास आहे. १९८९ साली थॅचरबाईंनी डोईपट्टी लादली ती इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडवर. ती चुकवण्यासाठी हजारो गरिबांनी मतदारयादीतून आपले नाव गायब केले आणि ते वर्षानुवर्षे बाहेरच राहिले. २०१४ मध्ये कार्यकर्ते दारोदार फिरले, तेव्हा त्यांतील बरेच लोक पंचवीस वर्षांनी यादीत परतले. लगेच काही स्थानिक मंडळांनी या नव्या यादीवरून डोईपट्टीची जुनी थकबाकी वसूल करण्याचा विचार चालवला! अखेर एडिंबरोच्या सरकारला २०१५ साली कायदा करून ही वसुली कायमची बंद करावी लागली. गरीब माणूस मत द्यायला पुढे येतो आणि व्यवस्था त्याला बिल दाखवते. लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकात हा धडा आढळत नाही.

या सगळ्यात मजूर पक्ष कोठे होता? तो हुजूर पक्षाच्या शेजारी एकाच व्यासपीठावर बसला होता. एकीच्या बाजूने उभे राहण्यास माझा आक्षेप नाही. ब्रिटनमधील कामगारवर्ग एक आहे, त्याचे कल्याणकारी राज्य त्याने एकत्र लढून मिळवले, सीमेने त्याचे दोन तुकडे करू नयेत, हा समाजवादी युक्तिवाद आहे आणि तो वजनदार आहे. परंतु तो युक्तिवाद स्वतंत्रपणे, स्वतःच्या झेंड्याखाली मांडावयास हवा होता. त्याऐवजी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या स्थलांतराच्या धमक्यांना पक्षाने आपला आवाज उसना दिला. मतदानाच्या दोन दिवस आधी तिन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी अधिक अधिकार देण्याची संयुक्त प्रतिज्ञा वृत्तपत्रात छापली. निकालाच्या सकाळीच पंतप्रधान कॅमेरॉन इंग्लंडच्या प्रश्नांवर इंग्लंडच्याच खासदारांनी मत द्यावे असे बोलू लागले. ज्याने धाकधुकीत ‘नाही’ म्हटले होते, त्याला त्याच सकाळी फसल्यासारखे वाटले असेल तर नवल नाही. ऑक्टोबरमध्ये स्कॉटिश मजूर पक्षाच्या नेत्या जोहान लॅमॉन्ट यांनी राजीनामा दिला तो, लंडन आम्हाला शाखा कार्यालयासारखे वागवते, असे सांगत.

मे २०१५ मध्ये हिशेब झाला. ५९ पैकी ५६ जागा राष्ट्रीय पक्षाला आणि मजूर पक्षाला ४१ वरून १. तरीही खरी इजा २०१६ च्या स्कॉटिश विधिमंडळाच्या निवडणुकीत दिसली. तेथे मजूर पक्ष २४ जागांसह हुजूर पक्षाच्या (३१) मागे तिसरा गेला. ‘होय’ म्हणणारे राष्ट्रीय पक्षाकडे गेले होते. आता ‘नाही’ म्हणणारे, संघराज्याचा अधिक कडवा रखवालदार म्हणून, हुजूर पक्षाकडे जाऊ लागले. राजकारण एकदा राज्यघटनेच्या रेषेवर विभागले की वर्गाच्या आधारे उभ्या असलेल्या पक्षाला दोन्ही बाजूंनी गळती लागते.

या वैराला पूर्वपीठिका आहे. १ मार्च १९७९ च्या सार्वमतात मर्यादित स्वायत्ततेला ५१.६ टक्के मते मिळाली होती. परंतु एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी ‘होय’ म्हटले पाहिजे अशी अट मजूर पक्षाच्याच एका खासदाराने कायद्यात घातली होती. प्रत्यक्षात आकडा ३२.९ टक्के भरला. म्हणजे मेलेले आणि गाव सोडून गेलेलेही ‘नाही’च्या पारड्यात मोजले गेले. चिडलेल्या राष्ट्रीय पक्षाच्या ११ खासदारांनी त्याच महिन्यात अविश्वासाच्या ठरावावर हुजूर पक्षाबरोबर मत दिले, कॅलाहन सरकार एका मताने पडले आणि थॅचर-पर्व सुरू झाले. निवडणुकीत ११ चे २ राहिले ही त्यांची शिक्षा. मजूर पक्षाचे जुने कार्यकर्ते यानंतर राष्ट्रीय पक्षाला ‘चौकडीच्या कापडातले हुजूर’ म्हणून हिणवीत राहिले. २०१४ नंतर दुसऱ्या बाजूने ‘लाल हुजूर’ ही शिवी परत आली. एकाच चाळीत राहणारी, एकाच कारखान्यातून बडतर्फ झालेली माणसे एकमेकांना हुजूर म्हणत होती आणि खरे हुजूर सत्तेवर होते.

आपल्याकडील गोव्याचा कौल देशाच्या स्वातंत्र्याचा नव्हता, भारतांतर्गत विलीनीकरणाचा होता, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण एक गोष्ट बोलकी आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० अशा मतांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण फेटाळले गेले. आणि दोनच महिन्यांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष ३० पैकी १६ जागा जिंकून पुन्हा सत्तेवर आला, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. कुळा-मुंडकारांच्या दृष्टीने विलीनीकरणाचा प्रश्न एक होता, जमिनीचा दुसरा. सामान्य मतदार हे दोन प्रश्न वेगळे ठेवू शकतो. ते कसे वेगळे ठेवायचे, हे पक्षांनाच कळत नाही.

स्कॉटलंडमध्ये ते कळले होते ते स्कॉटिश ट्रेड युनियन काँग्रेसला. तिने कोणतीच बाजू घेतली नाही. तिच्या छत्राखालील युनियनांत मतभेद होते, तसे ते सदस्यांतही होते. म्हणून तिने दोन्ही गोटांना एकच प्रश्न विचारला : तुमच्या स्कॉटलंडमध्ये वेतन, संपत्ती आणि कामगारांचे हक्क यांचे काय होणार? काहींना हे बोटचेपेपणाचे वाटले. मला तो त्या दोन वर्षांतील सर्वांत शहाणा पवित्रा वाटतो. कारण मतदानानंतर तिला कोणत्याही सदस्याची समजूत घालावी लागली नाही की माफी मागावी लागली नाही.

राष्ट्रीय पक्षालाही या विभागणीचा फायदा मिळाला तसाच तो आळसही जडला. २००८ पासून जवळजवळ नऊ वर्षे त्याच्या सरकारने स्थानिक घरपट्टी गोठवून ठेवली. ती मोठ्या घरवाल्यांच्या सोयीची होती; लहान नगरमंडळांच्या ग्रंथालयांना आणि शुश्रूषा सेवांना तिचा भार सोसावा लागला. निष्ठा पक्की असलेल्या मतदाराला याचा जाब विचारणे जड जाते, कारण जाब विचारला की आपण ‘त्यांच्यातले’ ठरू ही भीती. २०१६ साली युरोपमध्ये राहण्याच्या बाजूने स्कॉटलंडने ६२ टक्के मत दिले, तरी त्याला बाहेर पडावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लंडनच्या संमतीवाचून नव्या सार्वमताचा कायदा करण्याचा अधिकार एडिंबरोला नाही, असा निर्णय दिला. यामुळे ‘होय’चा राग जिवंत राहिला. २०२४ मध्ये मात्र राष्ट्रीय पक्ष ९ जागांवर आला आणि मजूर पक्षाने ५७ पैकी ३७ जिंकल्या. मतचाचण्यांतील स्वातंत्र्याचा पाठिंबा मात्र निम्म्याच्या आसपासच होता. लाखो लोकांनी स्वातंत्र्यावरील आपले मत न बदलता पक्ष बदलला होता.

त्यानंतर लगेच ग्रेंजमाउथ आले. स्कॉटलंडमधील एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना, ‘नाही’चा कौल देणाऱ्या फॉल्कर्क विभागातला. एप्रिल २०२५ मध्ये तेथील शुद्धीकरण थांबले आणि चारशेहून अधिक नोकऱ्या गेल्या. लंडनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते, एडिंबरोमध्ये राष्ट्रीय पक्षाचे. दोघांनी पर्यायी उद्योगासाठी पैसे जाहीर केले. कारखाना ताब्यात घेऊन चालवण्याची तयारी दोघांपैकी एकानेही दाखवली नाही. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसांमध्ये २०१४ ला ‘होय’ म्हटलेले होते आणि ‘नाही’ म्हटलेलेही. त्या दिवशी हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही.