सगळाच ‘ध’चा ‘मा’ नसतो

‘फाडफाड इंग्रजी बोला’ ही जाहिरात मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातली गंमत आता कुणाला जाणवत नाही. मराठीबद्दल आपण असे कधी म्हणत नाही. कुणाचे बोलणे आवडले तर तो स्वच्छ बोलतो, मुद्द्याचे बोलतो, ठासून बोलतो असे म्हणतो. इंग्रजीचा विषय निघाला की मात्र कौतुक वेगाचे, नाहीतर साहेबी ढबीचे. या दोन हौसांपायी शिकणाऱ्याची बरीच मेहनत भलत्याच ठिकाणी खर्ची पडते. परक्या भाषेत बोलणाऱ्याचे बोलणे समोरच्याला पहिल्या खेपेस कळले, तर त्याचे काम झाले. ज्याला आपण आत्मविश्वास म्हणतो तोही बहुतांशी इथूनच येतो. समोरचा दर वाक्याला ‘काय म्हणालात?’ असे विचारू लागला, तर व्यक्तिमत्त्व विकासाच्या दहा शिबिरांची कमाई दोन मिनिटांत उतरते.

बोलणे न कळल्याने जीव जाऊ शकतो अशा क्षेत्रात काय मोजतात, ते पाहण्यासारखे आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. कझाक कर्मचाऱ्यांचे तोकडे इंग्रजी हे तेव्हा चर्चेत आलेल्या कारणांपैकी एक. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये वैमानिक आणि हवाई नियंत्रकांसाठी भाषेची सहा पायऱ्यांची मोजपट्टी मान्य केली. त्यातली चौथी पायरी गाठली की आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर काम करता येते. त्या पायरीवर उच्चार, आघात आणि लय यांवर मातृभाषेची छाप चालते. ती समजण्याच्या आड फक्त अधूनमधून यावी, एवढीच अट. शिवाय रेडिओवर मिनिटाला १०० शब्दांपेक्षा वेगाने बोलू नये, असा या संघटनेचा दंडक आहे. फाडफाडवाल्यांनी हा आकडा आपल्या फलकाखाली रंगवून घ्यायला हरकत नाही.

ढब आणि आकलन या वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ च्या अभ्यासात दाखवले. मँडरिन मातृभाषा असलेल्यांचे इंग्रजी त्यांनी श्रोत्यांना ऐकवून लिहून घ्यायला लावले. ज्यांची ढब श्रोत्यांना फार जड वाटली, त्यांचेही बोलणे अनेकदा शब्दन् शब्द बरोबर उतरले होते. मराठी माणसाला हे खरे तर घरीच ठाऊक आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्याला शहरात हसतात, पण त्याला पाणी हवे आहे हे न कळल्यामुळे कुणी हसत नाही. सगळाच ‘ध’चा ‘मा’ नसतो. (ती करामत आख्यायिकेनुसार लेखणीची, जिभेची नव्हे.) तेव्हा कोणत्या चुकीने अर्थ बुडतो आणि कोणत्या चुकीने फक्त आपले गाव कळते, हे आधी वेगळे केले पाहिजे.

मराठी जिभेपुरते बोलायचे तर अर्थ बुडवणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. पहिली आघाताची. मराठीत शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर दिला यावर सहसा अर्थ ठरत नाही; आपण सगळी अक्षरे जवळपास सारख्या वजनाने उच्चारतो. इंग्रजी कान आधी जोर शोधतो आणि त्यावरून शब्द ओळखतो. ‘हॉटेल’मध्ये जोर ‘टेल’वर, ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर, ‘कमिटी’त ‘मि’वर, आपण बहुधा तिन्हीकडे पहिल्या अक्षरावर भार टाकून मोकळे होतो. ‘फोटोग्राफ’मधला पहिल्या अक्षरावरचा जोर ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर सरकतो आणि ‘फो’चा जेमतेम ‘फ’ उरतो. आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी कितपत कळते यावरचा अभ्यास १९६९ मध्ये हैदराबादहून प्रसिद्ध केला. ब्रिटिश श्रोत्यांचा गोंधळ उडवणाऱ्या कारणांत शब्दावरचा चुकीचा आघात त्यांना ठळक दिसला होता. दुसरी जागा आकड्यांची: ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ यांतला शेवटचा ‘न’ फोनवर सहज गळतो, मग वाचवतो तो ‘टीन’वरचा जोर आणि त्याची लांबी. तिसरी जागा ऱ्हस्व-दीर्घाची. शुद्धलेखनात ज्यासाठी आपण शाळाभर गुण गमावले, तो फरक बोलताना आपण फारसा पाळत नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच होतात. चौथी जागा शब्दारंभीच्या प, ट, क यांची. हवेच्या झोताविना म्हटलेली ‘पिन’ इंग्रजाला ‘बिन’ ऐकू येऊ शकते, आणि तो झोत तर आपल्या ‘ख’मध्ये, ‘ठ’मध्ये घरचाच आहे. ‘थ’ आणि ‘द’ यांच्या इंग्रजी उच्चारासाठी दातांत जीभ अडकवून बसण्याची मात्र गरज नाही. आंतरराष्ट्रीय इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या जेनिफर जेन्किन्स यांनी २००० सालीच ते ध्वनी अनावश्यक यादीत टाकले. शब्दावरच्या आघाताला त्या बन्सल यांच्याइतके महत्त्व देत नाहीत. इथे माझा कल बन्सल यांच्याकडे आहे, कारण आपला फोन चेन्नईला लागतो तसा मँचेस्टरलाही.

यावर आक्षेप येतो तो मुलाखतीचा: खोलीत शिरताच ढबीवरून माणूस जोखला जातो, मग ढब का बदलू नये? जोखले जाते, हे खरे आहे आणि ते अन्यायाचे आहे. पण वयात आल्यानंतर ढब पुरती बदलणे फार थोड्यांना जमते. बाकीच्यांच्या तोंडी उसनी ढब अर्धवट राहते, लक्ष शब्दांवरून उडून स्वतःच्या जिभेवर जाते आणि वाक्य मध्येच अडखळते. दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे: आम्हीच का वाकायचे, ऐकणाऱ्याने कान तयार करावेत. यातले अर्धे मला मान्य आहे. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे जेमतेम अडीच लाखांवर होते, तर दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती येते असे सांगणारे सुमारे १२.९ कोटी. म्हणजे इथे आपले इंग्रजी ऐकणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच उसन्या भाषेत वावरत असतो. पण म्हणूनच तर बोलणे जास्त स्वच्छ हवे. मराठी घाईत बोललेले इंग्रजी तमिळ कानाला सोपे जाईल, असे मानायला काही आधार नाही.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बारावीपर्यंत पोचलेल्या मुलाला शब्दही पुष्कळ येतात, पण ते बहुतेक डोळ्यांनी शिकलेले असतात. बारावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचे २० गुण आहेत, आणि पाठ केलेल्या उताऱ्यावर ते उधळण्यापेक्षा त्यांचा सोपा उपयोग करता येईल. दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसवावेत. एकाने न पाहिलेली पाच वाक्ये वाचावीत. त्यांत रक्कम, तारीख, पत्ता असावा. दुसऱ्याने ऐकून लिहावे. कागदावर जेवढे बरोबर उतरेल तेवढे गुण वाचणाऱ्याला द्यावेत, आणि पंधरा हजारांचे पन्नास हजार झाले असतील तिथे दोघांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावावे.