अल्लाहशी भांडणारी कथा कोण छापणार?

माझी एक कथा चार वर्षांपासून दारोदार फिरते आहे. मालेगावचा एक यंत्रमाग कामगार रात्रपाळी संपवून फज्रच्या नमाजला उभा राहतो आणि अल्लाहला विचारतो, "माझ्या लेकीचा ताप तुला दिसला नाही का?" उत्तर येत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नमाजला उभा राहतो. एवढीच कथा. तो कामगार म्हणजे माझे अब्बा. लेक म्हणजे माझी बहीण, जी त्या तापातून उठली नाही.

एक मराठी प्रकाशक म्हणाले, "सर, भाषा छान आहे. पण तलाक, बुरखा, दंगल असं काही द्या ना. वाचकाला तुमच्याकडून ते हवं असतं." एका उर्दू मासिकाचे संपादक म्हणाले, "मास्टरसाहब, मुसीबत क्यों मोल लें?" तिसऱ्यांनी कथा न वाचताच छपाईचा खर्च मागितला.

पहिल्यांना मी विचारतो: तुकोबा विठ्ठलाशी भांडले, जनाबाईने त्याला खडसावलं, ते तुम्ही डोक्यावर घेता. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी याच मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. मग आज मुसलमानाने फक्त समाजाचा अहवाल द्यायचा आणि देवाशी बोलायचं नाही, हे कुणी ठरवलं?

आपल्या माणसांना विचारतो: इक्बालांनी लाहोरात 'शिकवा' वाचला, तो आपण आजही जलशांत म्हणतो. कुरकुर झाली तेव्हा त्यांनी उत्तरही कवितेनेच दिलं. मौलाना रूमींच्या मसनवीत धनगराला दटावणाऱ्या मूसांनाच अल्लाह समज देतो. तक्रार करणारा माणूस नास्तिक नसतो. ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्याकडे कोण तक्रार घेऊन जाईल?

भीती खोटी नाही, हे मान्य. 1932 मध्ये लखनौहून निघालेल्या 'अंगारे'वर पुढच्याच वर्षी बंदी आली. पण पूर्वीचं कलम 295-अ, म्हणजे आताच्या न्याय संहितेतलं 299, मुद्दाम आणि द्वेषबुद्धीने केलेल्या अपमानाबद्दल आहे. बापाच्या दुःखाबद्दल नाही.

संपादकहो, कथा कच्ची असेल तर खुशाल परत करा. मीही मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारतो. पण वही वाचल्याशिवाय शेरा मारत नाही. तुम्हीही आधी वाचा, मग परत करा.