नकार लेखी द्या

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया. या दिवसांत नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर आणि कॉलेज रोडवर दुकानांसमोर छोटे टेम्पो रांगेने उभे असतात. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन मुहूर्तावर घरी येतात, त्यांना हळदीकुंकू लागतं. दुकानदार चहा पाजतो आणि ‘काही लागलं तर आम्ही आहोतच’ म्हणतो. तीच वस्तू वर्षाच्या आत बंद पडली की त्याच काउंटरवर वेगळंच उत्तर मिळतं : ‘आमचं काम विकण्याचं. वॉरंटी कंपनीची. कस्टमर केअरला फोन लावा.’ फोन लावला तर तिकडून सांगतात, ‘डीलरला भेटा.’ या दोघांमध्ये हेलपाटे घालून बहुतेक माणसं थकतात आणि शेवटी पदरमोड करून वस्तू दुरुस्त करून घेतात. कायदा पाठीशी असताना आपण काउंटरवरूनच माघारी फिरतो, हे मला फार खुपतं. म्हणून आजचा लेख.

मुळात पैसे कोणाला दिले? दुकानदाराला. बिल कोणाचं? दुकानाचं. म्हणजे विक्रीचा करार दुकानदाराशी झाला. १९३० सालचा वस्तू विक्री कायदा सांगतो की, एखाद्या प्रकारच्या मालाचा धंदा करणारा माणूस तो माल विकतो, तेव्हा माल विक्रीयोग्य दर्जाचा असेल हे करारात गृहीतच असतं. ते वेगळं लिहावं लागत नाही. कंपनीचं वॉरंटी कार्ड ही त्यावरची आणखी एक जबाबदारी. कार्ड कंपनीचं आहे म्हणून विकणारा मोकळा होत नाही. वॉरंटीचा खर्च कंपनीने किमतीत धरलेला असतो आणि ती किंमत आपण पूर्ण मोजलेली असते. त्यामुळे दुरुस्ती मागताना कोणाची मेहेरबानी मागतोय असं वाटायचं काही कारण नाही.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं, याची यादीच त्यात आहे. बिल न देणं ही त्यातली एक. सदोष माल विकल्यावर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देणं ही दुसरी. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य आजही कित्येक बिलांच्या तळाशी छापलेलं दिसतं. रंग आवडला नाही म्हणून माल परत करायला निघालेल्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने ते जरूर दाखवावं. सदोष मालाच्या बाबतीत त्याचा आधार घेता येत नाही.

कायदा एवढा स्पष्ट असूनही ग्राहक हरतो, कारण त्याच्या हातात कागद नसतो. दुकानदार तोंडी ‘नाही’ म्हणतो आणि त्या ‘नाही’चा पुरावा राहत नाही. पुढे ग्राहक आयोगासमोर तोच दुकानदार सांगू शकतो, ‘हे गृहस्थ माझ्याकडे आलेच नाहीत.’ म्हणून माझं सांगणं एकच आहे : नकार मिळाला तर तो लेखी मागा.

माझ्या मावसबहिणीच्या फ्रिजचं उदाहरण जवळून पाहिलेलं आहे. पाडव्याला घेतलेला फ्रिज ऐन पावसाळ्यात थंड होईनासा झाला. टेक्निशियन येऊन गेला, पण जॉबशीटवर लिहून गेला, ‘चेक केले, ओके’. ताईने गडबडीत सही केली होती. पुढच्या खेपेला मी तिथे होते. टेक्निशियनने कार्बन घातलेलं पुस्तक पुढे केलं. ‘ग्राहकाची तक्रार’ हा रकाना त्याने कोराच ठेवला होता, आणि खाली बारीक अक्षरांत ‘कामाबद्दल मी समाधानी आहे’ असं छापलेलं होतं. ताईने पेन घेऊन रकान्यात लिहिलं : ‘खालचा कप्पा थंड होत नाही, दूध नासते, हीच तक्रार पूर्वीही दिली आहे.’ समाधानाच्या ओळीवर काट मारली, मग सही केली आणि पानाचा मोबाइलवर फोटो घेतला. त्यानंतर आम्ही दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने नेहमीचं उत्तर दिलं. ताई शांतपणे म्हणाली, ‘ठीक आहे दादा. वॉरंटीत असूनही दुकान काही करणार नाही, एवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून सही-शिक्का द्या.’ मुलगा आत गेला आणि मालक बाहेर आले. ‘ताई, लिहून कशाला? बघतो ना मी.’ त्यांनी कंपनीच्या माणसाला आमच्यासमोर फोन लावला. त्याच आठवड्यात गॅसची गळती सापडली आणि दुरुस्ती झाली, एक पैसाही न देता. आवाज चढवून हे झालं नसतं.

कागद जपायचा म्हणजे नेमकं काय? पक्कं बिल मागून घ्यायचं. त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर आहे का, वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे का, हे दुकानातच बघायचं. थर्मल कागदावरची अक्षरं कपाटात राहून पुसट होतात, वर्षाने कागद कोरा दिसतो. म्हणून त्याच दिवशी फोटो काढून तो स्वतःलाच ई-मेल करून ठेवावा. ‘कंप्रेसरला दहा वर्षं’ असा मोठा स्टिकर दारावर असतो. पण गॅस, मजुरी आणि ने-आणीचा खर्च त्यात आहे का, हे कार्डातल्या बारीक मजकुरात असतं आणि ते पैसे देण्याआधी वाचायला हवं. काउंटरवर विकली जाणारी वाढीव वॉरंटी बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीची असते. तिचा वेगळा कागद हातात आल्याशिवाय तिचे पैसे देऊ नयेत.

तरीही दुकानदार हलला नाही, तर दुकान आणि कंपनी दोघांनाही ई-मेल किंवा स्पीड पोस्टाने तक्रार पाठवावी आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. अशी नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण ती पुढे फार कामी येते. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही, पण ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटू शकतात.

नाही मिटलं तर नाशिकचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच होते, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल करता येते. माल बेंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला असला, तरी नव्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची. वस्तूत दोष आहे की नाही यावर वाद असेल, तर आयोग ती प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, नुकसानभरपाई द्या, असे आदेश आयोग देतो. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तक्रारीत दुकान आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करावं, हे मी आग्रहाने सांगते. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या टाटा मोटर्सच्या प्रकरणात २०२१ साली निकाल लागला. नवी म्हणून जुन्या सालची गाडी विकल्याची ती तक्रार होती. कंपनीला हे ठाऊक होतं याचा पुरावा नव्हता आणि कंपनी-डीलरचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं होतं, म्हणून न्यायालयाने कंपनीला सोडलं. जबाबदारी डीलरवर राहिली. एकट्या कंपनीवर बोट ठेवून बसणाऱ्या ग्राहकाने हे ध्यानात घ्यावं. विकणारा हा मधला निरोप्या नाही.

वॉरंटीला मर्यादाही असते. मारुतीच्या एका मोटारीच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश बसत नाही. म्हणून मागणी नेमकी असावी. आधी दुरुस्ती, मग भाग बदलणं, आणि तोच दोष पुन्हा पुन्हा आला तर वस्तू बदलून किंवा पैसे परत. प्रत्येक खेपेची जॉबशीट जवळ असेल तर शेवटच्या मागणीला वजन येतं.

नाशिकच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत एका शेडमध्ये एखाद-दुसरं यंत्र टाकून पोट भरणारी माणसं पुष्कळ आहेत. धंद्याचं यंत्र वॉरंटीत बिघडलं तर त्यांना ग्राहक म्हणून दाद मागता येते का? याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने दिलं. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने कोईमतूरच्या पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून सुमारे २१ लाखांचं संगणक-नियंत्रित यंत्र घेतलं आणि ते सदोष असल्याची तक्रार केली. महाराष्ट्र राज्य आयोगाने त्यांच्या बाजूने कौल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही खरेदी व्यापारी हेतूची मानली. पण त्याच निकालात न्यायालयाने सामान्य कारागिराला मोठा आधार दिला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला लेथ, रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच आहे, आणि मदतीला एखाद-दोन माणसं ठेवली म्हणून त्याचा हा हक्क जात नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. अंबडच्या शेडमध्ये स्वतः लेथवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावं.

शेतकऱ्याचंही तेच. सदोष बियाण्याच्या प्रकरणात राष्ट्रीय बीज निगमविरुद्ध २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहक असल्याचं मान्य केलं. निफाड, दिंडोरीतल्या द्राक्षबागायतदाराचा फवारणीचा ब्लोअर किंवा ठिबकचा संच वॉरंटीत असून दुकानदार दाद देत नसेल, तर छाटणीनंतरचे मोलाचे दिवस हातातून जातात. त्या नुकसानीची भरपाई मागण्यासाठीही कागदच लागतो : कधी कळवलं, कोणी काय उत्तर दिलं, फवारणी किती दिवस अडली.

दुकानदाराचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. छोट्या दुकानदाराला नफा थोडा मिळतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर त्याचंही ऐकत नाही, सुटा भाग आठवडेच्या आठवडे येत नाही. पण कंपनीकडे दाद मागायची ताकद एकट्या ग्राहकापेक्षा दुकानदाराकडे केव्हाही जास्त असते. तो कंपनीचा माल विकतो, तिच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर त्याच्या खिशात असतो. ती ताकद त्याने गिऱ्हाइकासाठी वापरली तर तेच गिऱ्हाईक पुढच्या दसऱ्याला पुन्हा त्याच्याच पायऱ्या चढेल.

ही लढाई महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि एकत्र येऊन किराणा खरेदी करणाऱ्या कुटुंबांचे संघ तिने घडवले. ग्राहकासाठी वेगळा कायदा हवा, ही मागणी अशा चळवळींतून पुढे आली. २४ डिसेंबर १९८६ रोजी पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन.

ग्राहक कायद्याचं सत्त्व लवकर निकाल लागण्यात आहे आणि तिथेच तो कमी पडतो. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत, असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. देशभरातल्या आयोगांतल्या रिकाम्या जागांची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. मिक्सरसाठी तीन वर्षं हेलपाटे घालायला लावणारी व्यवस्था दुकानदाराच्या नकाराला बळ देते. आयोगावर माणसं वेळेवर नेमणं हे सरकारचं काम आहे, आणि ते झालं पाहिजे असं आपल्या लोकप्रतिनिधींना सांगणं आपलं.

नाशिकच्या व्यापारी संघटनांकडे माझी एक मागणी आहे. येत्या दसऱ्याआधी प्रत्येक इलेक्ट्रिक आणि मोबाइलच्या दुकानात काउंटरवर फलक लावा : वॉरंटीची तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव, उत्तर द्यायची मुदत, आणि १९१५ हा क्रमांक. तक्रार घेतल्याची पोच द्या. आणि नाहीच करणार म्हणत असाल, तर तेही कारणासकट लिहून, सही करून द्या. आपल्या मालावर विश्वास असलेल्या दुकानदाराला यात भिण्यासारखं काही नाही, आणि ग्राहकाला यापेक्षा कमी काही मान्य असता कामा नये.