पाहिजे : बाहेरचा कोच!

मोडनिंबमध्ये ‘बाहेरचा’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. एरवी गावाला बाहेरच्या माणसांची चांगलीच सवय आहे. पुणे-सोलापूर हायवे दारातून जातो, कुर्डुवाडी-मिरज लाइनवरचं स्टेशन आहे, पंढरपूरला जाणारी मंडळी येता-जाता थांबतात, चहा घेतात, निघतात. कुठले, कोण, कुणी विचारत नाही. पण प्रश्न खुर्चीचा आला की हाच शब्द एकदम जड होतो. २००९ साली माढा लोकसभा मतदारसंघातून बारामतीचे शरद पवार उभे राहिले, तेव्हा घरचा की बाहेरचा यावर चहाचे किती कप संपले असतील, मोजदाद नाही. मे महिन्यात निकाल लागला. बाहेरचे पवारसाहेब खासदार झाले.

गंमत बघा, त्याच मे महिन्यात तिकडे दिल्लीत आणखी एका बाहेरच्या माणसाला खुर्ची मिळाली. होजे ब्रासा. मुक्काम पोस्ट स्पेन. पोस्ट : भारतीय पुरुष हॉकी संघाचे कोच. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्पेनच्या महिलांना गोल्ड मिळवून दिलेला माणूस. म्हणजे बायोडेटा एकदम कडक!

तुम्ही म्हणाल, वीकेंडला हॉकी कशाला? थांबा जरा. हा विषय तुमच्या क्युबिकलमधलाच आहे. टीममधल्या सीनिअरला सगळं काम येतं, सगळ्यांची बर्थडे-लिस्टसुद्धा पाठ असते. पण मॅनेजरची जागा रिकामी झाली की एचआरचा मेल येतो, ‘वी आर हॅपी टू वेलकम...’ आणि लिफ्टमधून एक अनोळखी चेहरा बाहेर पडतो. सगळा फ्लोअर एकच प्रश्न विचारतो. आपल्यात माणसं नव्हती का?

आमच्या मोडनिंबच्या तात्यांचाही तोच प्रश्न आहे, फक्त जरा मोठ्या आवाजात. ‘‘आठ गोल्ड आणली की आपण ऑलिम्पिकमध्ये! आन् आता शिकवाय माणूस गोऱ्याच्या देशातनं आणायचा? का, आपल्यातली माणसं काय फकस्त टाळ्या वाजवाय हायत व्हय?’’

तात्यांचा हिशेब चुकीचा नाही. १९२८ ते १९८० पर्यंत आठ गोल्ड, खरंच. पण मधल्या काळात खेळच बदलला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा गवतावरून कृत्रिम टर्फवर गेली आणि त्याच वर्षी आपण सातवे आलो. गवतावर बॉल उसळायचा, मनगटातली जादू चालायची. टर्फवर बॉल सुसाट पळतो, म्हणून माणसालाही सुसाट पळावं लागतं. फिटनेस, व्हिडिओ ॲनालिसिस, कुणाला कितव्या मिनिटाला बाहेर काढून दम खाऊ द्यायचा याचं गणित, हे सगळं युरोप आणि ऑस्ट्रेलियाने आधी बसवलं. ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्यालाच ट्रेनिंगला बोलवायचं, एवढा साधा फंडा. त्यात कमीपणा काही नाही.

घोळ झाला तो बोलावण्याच्या पद्धतीत.

पहिलंच उदाहरण घ्या. २००४. अथेन्स ऑलिम्पिक अगदी तोंडावर. राजिंदर सिंग यांना बाजूला केलं आणि जर्मनीच्या गेरहार्ड राख यांना आणलं. हातात काही आठवडे. बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या महिन्यात क्लास बदलण्यातला प्रकार! त्या टीममध्ये मुंबईचा विरेन रस्किन्हा होता आणि आपल्या पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले होता, चौथं ऑलिम्पिक खेळणारा. नव्या कोचला धनराज म्हणजे काय हे कळायच्या आत स्पर्धा संपली. धनराजला मैदानात किती मिनिटं मिळाली, यावर नंतर कितीतरी दिवस चर्चा होत राहिली. भारत सातवा. राखही गेले.

मग पुन्हा घरचा कोच. २००८ मध्ये मुंबईचे जोकिम कार्व्हालो संघ घेऊन चिलीतल्या सँटियागोला गेले. क्वालिफायरमध्ये ब्रिटनने २-० ने हरवलं आणि १९२८ नंतर पहिल्यांदाच भारतीय हॉकी ऑलिम्पिकला गेलीच नाही. कार्व्हालोंनी राजीनामा दिला. आणि वर्षभराने ब्रासा आले.

आता पुणेकरांनो, तुमच्या रोजच्या रस्त्यावर या. बालेवाडी. कॅबमधून हिंजवडीला जाताना जे क्रीडा संकुल दिसतं, तेच. जानेवारी २०१०. दिल्लीतला वर्ल्ड कप दोन महिन्यांवरही नव्हता. ब्रासांचं शिबिर इथे सुरू होतं. आणि एक दिवस खेळाडूंनी सांगितलं, आम्ही सराव करणार नाही. आमचे पैसे द्या.

देशाची टीम संपावर! कॅप्टन राजपाल सिंग आणि त्याचे सहकारी थकलेले पैसे मागत होते. हॉकी इंडियाने सुरुवातीला माणशी २५ हजार रुपये देऊ केले. खेळाडू नाही म्हणाले. तुमच्या बॅचमेटने पहिल्या पगारात मोबाइलवर किती उडवले होते आठवा, म्हणजे त्यांचा राग कळेल. त्याच महिन्यात मुंबईत आयपीएलचा लिलाव झाला आणि कायरन पोलार्ड, शेन बाँड यांच्यावर साडेसात-साडेसात लाख डॉलरची बोली लागली. एकाच राज्यात, दीडशे-दोनशे किलोमीटरच्या अंतरात, एकाच महिन्यात ही दोन चित्रं.

शेवटी काही दिवसांनी प्रत्येकी एक लाखावर तडजोड झाली आणि मुलं पुन्हा टर्फवर उतरली. वर्ल्ड कपच्या पहिल्याच मॅचमध्ये पाकिस्तानला ४-१ ने हरवलं. पण शेवटी आपण आठवे. त्याच वर्षी कॉमनवेल्थमध्ये सिल्व्हर (फायनलला ऑस्ट्रेलियाकडून ०-८), एशियन गेम्समध्ये ब्रॉंझ. आणि वर्ष संपता संपता ब्रासांची गच्छंती.

मला या सगळ्या गोष्टीत बालेवाडीचे ते चार-पाच दिवस सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. समजा, तुम्ही जगातला सर्वोत्तम कोच आणलात. तो प्रेस कसा करायचा शिकवेल, पेनल्टी कॉर्नर घटवून घेईल, डाएट बदलेल. पण खेळाडूच्या अकाउंटला पैसे जमा करणं हे त्याच्या हातात नाही. तिथे त्याचं स्पेनमधलं गोल्डही चालत नाही. तो आपला मोकळ्या टर्फकडे बघत बसणार.

बरं, त्याच्या हातात काय असतं? इथेच सगळ्यात मोठी गोम आहे. परदेशी कोचचा पगार देणार सरकारी स्पोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडिया आणि काम सांगणार हॉकी इंडिया. दोन बॉस! ज्यांनी ऑफिसमध्ये ‘डॉटेड लाइन रिपोर्टिंग’ भोगलंय त्यांना पुढचं सांगायलाच नको. ऑस्ट्रेलियाचे टेरी वॉल्श यांनी २०१४ मध्ये इंचॉनला एशियन गेम्सचं गोल्ड आणलं, तब्बल १६ वर्षांनी. आणि दोन महिन्यांच्या आत ते बॅग भरून निघून गेले. निर्णय कुणी घ्यायचे, यावरूनच बिनसलं होतं. त्यांच्यानंतर हॉलंडचे पॉल व्हॅन ॲस आले. २०१५ मध्ये अँटवर्पच्या स्पर्धेत हॉकी इंडियाचे तेव्हाचे अध्यक्ष नरिंदर बत्रा यांच्याशी त्यांची खटकली आणि काही आठवड्यांतच तेही गेले. ॲप्रेझलपर्यंतसुद्धा टिकले नाहीत, काय राव!

घरच्यांचे लाड होतात असं मात्र समजू नका. १९९८ मध्ये बँकॉकला एशियन गेम्सचं गोल्ड आलं तेव्हा कॅप्टन धनराज होता आणि कोच एम. के. कौशिक. बक्षीस काय? कोचला काढलं आणि धनराजसह अर्धा डझन खेळाडूंना पुढच्या टीममधून वगळलं. हरेंद्र सिंग यांनी २०१६ मध्ये ज्युनिअर वर्ल्ड कप जिंकून दिला. मे २०१८ मध्ये त्यांना सीनिअर टीम मिळाली, डिसेंबरमध्ये वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलला हॉलंडकडून १-२ अशी हार झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये ते घरी. आठ महिने! आपल्या सोलापूरकडे म्हणतात ना, पिकतं तिथं विकत नाही. डाळिंबासारखंच कोचचंही.

म्हणजे बाहेरचा असो नाहीतर घरचा, संगीत खुर्ची सगळ्यांनाच खेळावी लागली. मग मेडल कधी आलं? संगीत जरा वेळ वाजू दिलं तेव्हा.

शोर्ड मारिन यांचं उदाहरण घ्या. हॉलंडचे मारिन २०१७ मध्ये आधी महिलांचे कोच, मग पुरुषांचे, मग २०१८ मध्ये पुन्हा महिलांचे. पण त्यानंतर मात्र त्यांना सलग तीन वर्षं मिळाली. टोकियोमध्ये (ऑलिम्पिक २०२० चं, झालं २०२१ मध्ये) आपल्या मुली पहिल्या तिन्ही मॅच हरल्या. हॉलंड १-५, जर्मनी ०-२, ब्रिटन १-४. कुठलाही मॅनेजर इथे पॅनिक बटण दाबेल. मुली पुढे आयर्लंडला हरवून, साउथ आफ्रिकेला हरवून क्वार्टर फायनलला ऑस्ट्रेलियाला १-० ने घरी पाठवून आल्या. शेवटी चौथा नंबर, महिला हॉकीतली आपली ऑलिम्पिकमधली सर्वोत्तम कामगिरी म्हणून तो सगळ्यांना आठवतो. तिकडे पुरुषांच्या टीममध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड २०१९ पासून होते. त्यांची टीम ऑस्ट्रेलियाकडून १-७ अशी हरली, तरी जर्मनीला ५-४ ने हरवून ४१ वर्षांनी ऑलिम्पिक मेडल घेऊन आली.

आता कुणी म्हणेल, नुसता वेळ दिला की झालं? नाही हो. मायकेल नॉब्ज यांना लंडन २०१२ साठी वर्षभर मिळालं होतं, तिथे आपण सगळ्या सहा मॅच हरून शेवटचे, बारावे आलो. पण रीड यांचा फायदा त्यांच्या नंतरच्या माणसालाही झाला. २०२३ मध्ये साउथ आफ्रिकेचे क्रेग फुल्टन आले तेव्हा त्यांच्या हातात जुळलेली टीम होती. २०१८ पासून ओडिशा सरकारची स्पॉन्सरशिप मागे होती, म्हणजे बालेवाडीसारखी वेळ यायचं कारण उरलं नव्हतं. पॅरिस २०२४ ला क्वार्टर फायनलमध्ये अमित रोहिदासला सतराव्याच मिनिटाला रेड कार्ड मिळालं. उरलेली मॅच दहा जणांनी खेळून काढली, १-१ बरोबरी ठेवली आणि शूटआउटमध्ये ब्रिटनला ४-२ ने हरवलं. मग स्पेनला २-१ ने हरवून सलग दुसरं ब्रॉंझ. अशी शिस्त महिन्याभरात येत नाही, बॉस.

आणि एक गोष्ट, जी स्कोअरबोर्डवर दिसत नाही. मारिन यांच्यानंतर महिलांच्या टीमला हॉलंडच्याच यानेके शॉपमन मिळाल्या. जानेवारी २०२४ मध्ये रांचीला पॅरिसचं तिकीट हुकलं आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. त्याआधी त्यांनी उघड सांगितलं की, बाई म्हणून या कामात आपल्याला हवा तेवढा मान मिळाला नाही. हॉकी इंडियाने ते नाकारलं. पण ज्या मुली मीटिंगमध्ये बोलून गप्प बसतात आणि मग तीच आयडिया शेजारच्याच्या तोंडून मान्य होताना बघतात, त्यांना हे वाक्य नवीन वाटलं नसणार. त्यानंतर हरेंद्र सिंग आले, डिसेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक कारण देऊन गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा बोलावणं कुणाला? मारिन यांनाच! खुर्ची तीच, फक्त फिरून आली.

तात्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘ते ऱ्हाऊ दे. आपल्या भागातलं कोण हाय का त्यात?’’

आहे की. ज्या माढा मतदारसंघात मोडनिंब येतं, त्यातच फलटण येतं. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताच्या टीममधून खेळली. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये जपानला २-१ ने हरवून ब्रॉंझ जिंकलेल्या टीममध्ये ती होती, तेव्हा कोच शॉपमन होत्या. पुढे ती हरेंद्र सिंग यांच्या हाताखालीही खेळली. म्हणजे कोच आले, गेले, तिला दोघांचीही भाषा समजून घ्यावी लागली. नव्या मॅनेजरबरोबर दर वेळी नव्याने स्वतःला सिद्ध करावं लागतं, ते काय असतं हे तुम्हाला माहितीये.

परदेशी कोचपर्यंत पोहोचायच्या आधी अशा मुलीला कुणीतरी स्टिक धरायला शिकवलेलं असतं. तो माणूस डच नसतो, ऑस्ट्रेलियन नसतो. शाळेतला पीटीचा सर असतो, नाहीतर जिल्ह्याच्या मैदानावरचा एखादा जुना खेळाडू. त्याला डॉलरमध्ये पगार नाही, बऱ्याचदा धड टर्फही नाही. बाहेरचा कोच हा शेवटचा हात फिरवणारा. खालचा हात घरचाच लागतो. आणि त्या घरच्या हाताला शिकवणं हेही बाहेरच्याच्या कामात असायला पाहिजे. नाहीतर तो गेला की त्याच्याबरोबर त्याची सगळी विद्याही विमानात बसते.

म्हणून २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या आधी किंवा नंतर पुन्हा कधी कोचची जागा निघालीच, तर हॉकीवाल्यांसाठी जाहिरातीचा मजकूर फुकटात देऊन ठेवते :

पाहिजे : कोच. घरचा किंवा बाहेरचा, चालेल. बॉस एकच असेल. मुदत किमान चार वर्षं, पहिल्या तीन मॅच हरलात तरी. पुरुष-स्त्री भेद नाही. जिल्ह्यातल्या दहा सरांना शिकवणं सक्तीचं. आणि खेळाडूंचे पैसे तुम्ही येण्याआधीच जमा झालेले असतील.